पहिला बाक

२ मार्च, रविवार

सकाळी साडेआठला पोहोचले. उपासना नऊला. पहिला बाक, उजवे टोक — नेहमीप्रमाणे. प्रभुभोजनासाठी वेदीपुढे पहिले गुडघे माझे. एकतीस वर्षांचा नियम.

शेवटी पाळकसाहेबांनी सहज सांगावे तसे जाहीर केले — ईस्टरपासून प्रभुभोजनातला द्राक्षारसाचा प्याला सगळ्यांच्या ओठांना लावायला लंकाबाई. लंकाबाई! घोडेगावकडची, पालिकेत झाडू मारून निवृत्त झालेली, सातवी नापास. मंडळीने टाळ्या वाजवल्या. उपासनेत टाळ्या!

फार थकले आहे. तरी हरकत लिहून काढलीच पाहिजे.

५ मार्च, बुधवार

उपवासकाळ सुरू. पत्र दिले. दोन पाने, सात मुद्दे. पहिलाच निर्णायक — तिचे हात थरथरतात, द्राक्षारस सांडेल. पाळकसाहेबांनी उभ्याउभ्या वाचले, घडी घातली.

“मुद्दे सात आहेत, मॅडम. खरा कुठला?”

या मुलाला मी बारावीला संस्कृत शिकवले आहे! सावेडीला घरी परतले. रिक्षावाल्याशीही उगाच भांडले.

९ मार्च, रविवार

उपासनेआधी लंकाबाई थर्मास घेऊन समोर. “जय ख्रिस्त म्याडम! च्या घेता का?”

“मला मधुमेह आहे.” (नाही.)

“आगं बाई! मग बिनसाखरेचा आनते.”

आणलाही. तिच्या घरच्या स्टीलच्या पेल्यात. मी तो बाकाखाली सरकवला. उपासना संपल्यावर पाहिले — पेला तिथे नव्हता. ती दारात उभी राहून लोकांना हसून निरोप देत होती. मलाही.

१६ मार्च, रविवार

चर्चला गेले, आले. लिहिण्यासारखे काही नाही. हे वाक्य असत्य आहे.

२३ मार्च, रविवार

महिला मंडळात शेवटच्या भोजनावर मी बोलायचे होते. अर्ध्या तासाचे टिपण, एकही वाक्य सैल नाही. बोलता बोलता अडखळले. त्या रात्री एकच प्याला सगळ्यांत फिरला. प्रभूला शत्रूंच्या हाती धरून देणारा जो शिष्य होता, त्याच्या ओठांनंतरही प्रभूने तो पुसायला सांगितला नाही. इतकी वर्षे शिकवते आहे, हे कधी दिसलेच नव्हते.

घरी आले. आता लिहितेच.

पहिल्या बाकावर मी वक्तशीरपणामुळे बसत नाही. प्याल्याला अजून कुणाचा ओठ लागलेला नसतो, म्हणून बसते. ‘कुणाचा’ म्हणजे कुणाचा, हेही मला ठाऊक आहे. जात. ख्रिस्ती घरात जन्मले, बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झाले, आणि ती जिथल्या तिथे! पणजोबा नृसिंहशास्त्र्यांनी जानवे उतरवले, हे आमच्या घरात चार पिढ्या अभिमानाने सांगतात. पण ‘शास्त्री’ कुणी उतरवले नाही.

हात जोडले.

६ एप्रिल, रविवार

आज मागे बसायचे ठरवून गेले. पाय पहिल्या बाकाकडेच वळले. गुडघे टेकवले नाहीत. प्याला न घेता, डोके दुखत असल्याचे सांगून निघाले.

दुपारी लंकाबाई दारात! शेअर रिक्षाने आली होती.

“म्याडम, मी माजं नाव मागं घेतलं. पाळकसायबास्नी सांगून आले.”

“तुम्हाला कोणी काही बोलले का?”

“कोन बोलतंय? मला डोळे हायेत की. तुमी पयल्या जाता, मी शेवटाला. मधी सारी मंडळी. मी या मंडळीत आल्यापास्नं बारा वर्सं बिनबोभाट चाललंय. मी प्याला धरला तर तुमी यायच्याच बंद व्हाल. आजच न्हाई का झालं?”

तिने पाणी मागितले. चांगल्यातला काचेचा ग्लास दिला. ती गेल्यावर तो धुतला आणि खिडकीत, बाकीच्या भांड्यांपासून वेगळा ठेवला.

‘हात आपोआप गेला’ असे लिहिणार होते. आपोआप नव्हे. मी ठेवला.

७ एप्रिल, सोमवार

तो ग्लास खिडकीतून काढला. त्यातूनच पाणी प्यायले. घोट उतरेना. उतरवला.

पाळकसाहेबांना फोन केला — सातही मुद्दे मागे घेते, आठवा खरा होता. तो सांगितला. ते म्हणाले, “हे मला नका सांगू, मॅडम. तुम्हाला पत्ता देतो.”

१२ एप्रिल, शनिवार

पाच दिवस टाळले. आज गेले. लंकाबाईंची एकच खोली, लख्ख. माझ्या स्वयंपाकघरापेक्षा लख्ख! खुर्चीच्या टोकाशी बसून सगळे सांगितले — बाक, प्याला, चहाचा पेला, ग्लास.

त्या खळखळून हसल्या. “आवो म्याडम, ते आख्ख्या मंडळीला ठाव हाय!”

मग हसू ओसरले. “ग्लासाचं मातर ठाव नव्हतं.”

त्यांनी चहा टाकला. “तुमचे पनजोबा बाटले, तवा घरच्यांनी भाईर काडलं म्हनता. मग त्या दिशी जेवले कुनाच्यात?”

ही गोष्ट मी शंभरदा सांगितली असेन. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही नाही.

“नाव परत द्या,” मी म्हणाले.

“देते. पन तुमी पयल्या बाकावर बसायचं न्हाई.”

चहा प्यायले. साखर होती. “मधुमेव?” त्यांनी विचारले.

“नाही.”

“ते बी ठाव हाय.”

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

तीन तासांची उपासना. मागून तिसरा बाक. पंखा नाही, लेकरांचा कालवा. कंबर धरली. कोणी वळून पाहिले नाही, याबद्दल आभार.

२० एप्रिल, ईस्टर

सगळ्यांच्या शेवटी गेले. प्याल्यात घोट-दोन घोट उरले होते. लंकाबाई वाकून पुटपुटल्या, “मी आजून घेतल्याला न्हाई. आदी तुमी घ्या, मंग मी.” मी म्हणाले, “आधी तुम्ही.” त्यांनी घेतला. कड पुसायला कापड उचलले. मी त्यांचा हात धरला, आणि प्याला तसाच ओठांना लावला.

द्राक्षारस सांडलाच, वेदीच्या पांढऱ्या कापडावर. त्यांचे हात स्थिर होते. थरथरत होते ते माझे.