उत्तराची जागा

वाघोली, पुणे
दि. २ नोव्हेंबर २०२५

चि. निकितास,
सप्रेम जय भीम व अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक. तिकडचे कळवत जा, कारण तू कळवले नाहीस की मी मनानेच काहीबाही कळवून घेतो. हे पत्र नेहमीप्रमाणे तुझे बाबा फोनवर फोटो काढून पाठवतील. तुझी पत्रेही ते स्वारगेट डेपोतून येताना मोठ्या अक्षरांत छापून आणतात. समोरासमोर फोनवर मला जमत नाही. तुझा चेहरा दिसला की काय विचारायचे ते विसरतो आणि फोन ठेवल्यावर छाती धडधडत बसते.

नेदरलँडचे रेकॉर्डिंग ऐकले. तू आपले तळ्याचे गाणे घेतलेस. आमच्या गायन पार्टीत त्याच गाण्याला मी झील धरायचो. गायकाने ओळ टाकायची आणि आम्ही मागच्यांनी ती उचलायची. 'तळ्याचं पाणी कुणाचं?' इथे मात्र आम्ही सगळे गप्प, कारण 'साऱ्यांचं' हे उत्तर लोकांनी द्यायचे. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये लोकांनी दिले. 'सारांचं' म्हणाले आणि एक ठोका उशिरा म्हणाले, पण म्हणाले.

मग गाणे संपता संपता खुर्च्या वाजल्या. धडाधड सगळे उठले. मी तुझ्या बाबाला, चेतनला, लगेच बंद करायला लावले. कार्यक्रमातून सगळे एकदम उठतात ते पाऊस आला तर किंवा मारामारी झाली तर. तुमच्यावर तर छप्पर होते. तुझी आजी म्हणाली, त्यांनाही घरी जाऊन भाकऱ्या टाकायच्या असतील. तिला सगळ्याची थट्टा. तू मला खरे काय झाले ते लिही. कुणाला लागले का?

आता तुम्ही जपानला जाणार, तिथे भूकंप होतात असे ऐकतो. स्टेजवर दाराजवळची जागा घे.

माया आहे ती अशीच राहू दे.
तुझा आबा, रतन

*

रॉटरडॅम
दि. ५ नोव्हेंबर

ती. आबांस,
सविनय जय भीम.

आबा, कुणाला काही लागलेलं नाही! इथले लोक कार्यक्रम आवडला की उभं राहून टाळ्या वाजवतात. आमची इथली आयोजक बाई तर म्हणाली की हल्ली ते कशालाही उभे राहतात, फार मनावर घेऊ नका. म्हणजे पुणेकर इथंही निघाले.

गाण्याआधी मी त्यांना उत्तर शिकवलं होतं. ते शाळेतल्या मुलांसारखे खूश झाले आणि नको तिथंही ओरडत राहिले. त्यांच्या उत्साहात मीही वाहवत गेले. रेकॉर्डिंगमध्ये लय कशी पळालीय ते तुमच्या लक्षात आलंच असेल, तुम्ही मुद्दाम लिहिलं नाहीत. आमचं रेकॉर्डिंग करणारा अनिरुद्ध म्हणतो की गाणं अर्धं आपण गातो आणि अर्धं समोरचे आपल्याकडून गाऊन घेतात. या दौऱ्याचा अल्बम निघणार आहे, आणि तळ्याचं गाणं त्यात हवंच असा माझा हट्ट आहे. ते तुमचं गाणं आहे.

आजीला म्हणावं, इथे भाकरी नाही, ब्रेड आहे, तोही थंड.

औषधं वेळेवर घ्या आणि मला रागवत राहा.
तुमची निकू

*

वाघोली
दि. १६ नोव्हेंबर

चि. निकितास,
स. जय भीम व अ. उ. आ.

क्योतोचे रेकॉर्डिंग आले. अक्षर लागले नाही तर चेतनकडून समजून घे.

निकू, तू विचारलेस, 'तळ्याचं पाणी कुणाचं?' आणि पुढे काहीच नाही. खोकला नाही, खुर्ची नाही. मला वाटले फोन बंद पडला. चेतन म्हणाला, चालू आहे. मग तू एकदम पुढचे कडवे उचललेस, ठोक्याच्या आधी, आणि तुझा आवाज हलला. तो मी ओळखतो.

माझ्या डाव्या कानावरची खूण तू लहानपणी बोटाने चाचपायचीस. पेटीच्या झाकणाचे लागले असे मी सांगत असे. ते खरे नाही. आम्ही एका गावात गेलो होतो, नाव कशाला घ्यायचे. आमचे उत्तरेश्वरमामा गात होते. त्यांनी हाच प्रश्न टाकला. एरवी लोक छप्पर उडेल असे उत्तर देत. त्या दिवशी मागच्या कडेला येऊन उभे राहिलेले लोक वेगळे होते. त्यांना बघून आपली माणसे खाली बघायला लागली. अशीच शांतता पडली, अगदी तुझ्या रेकॉर्डिंगसारखी. मग गॅसबत्ती फुटली आणि दुसरा दगड माझ्या कानाला लागला. दगडाचे काही नाही, तो येऊन गेला. त्याच्या आधीची ती शांतता मात्र अजून गेलेली नाही. कुणी दारात गप्प उभे राहिले तरी माझा हात कानावर जातो.

मला कळते की जपानात कुणी दगड मारत नाही. तुझी आजीही तेच म्हणते. तिथे रस्त्यावर दगड सापडायचाच नाही, इतकी झाडलोट असते असे तिने टीव्हीत पाहिले आहे. पण कळते ते डोक्याला. कानाला कोण सांगणार?

तोक्योच्या कार्यक्रमात हे गाणे घेऊ नकोस. माझ्यासाठी घेऊ नकोस. दुसरी कितीतरी आहेत, ज्यांत कुणाला काही विचारावे लागत नाही.

सांभाळून राहा आणि आम्हाला विसरू नकोस.
आबा

*

क्योतो
दि. १८ नोव्हेंबर

ती. आबांस,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र वाचून मी खूप वेळ काही खाल्लं नाही. पेटीचं झाकण मी आजवर खरं मानत होते.

आधी तुमची भीती काढते. कुणी उठून गेलं नव्हतं. इथे गाणारीचा शेवटचा सूर पूर्ण विरेपर्यंत हात हलवायचा नाही अशी रीत आहे. मध्येच ओरडणं म्हणजे माझ्या तोंडातला घास काढून घेण्यासारखं. मी दुभाष्या बाईंकडून सगळ्यांना उत्तर शिकवलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या, पण आधी कोण म्हणणार म्हणून कुणीच म्हणालं नाही. शेवटी टाळ्या खूप वेळ वाजल्या, एकसारख्या. माझ्या आजीएवढी एक बाई भेटायला आली. ती काही बोलली नाही, नुसती वाकली. बराच वेळ वाकलेलीच होती.

पण तुमच्यापासून काही लपत नाही ते नाहीच. मी घाबरले होते. त्या शांततेत मला माझ्या कानातल्या रिंगा वाजलेल्या ऐकू आल्या. वाटलं, मी हे काय विचारते आहे, कुणाला, आणि मी कोण विचारणारी? म्हणून पुढच्या कडव्यात पळाले.

अनिरुद्धने उपाय काढला आहे. गेल्या वर्षीच्या आपल्या पुण्याच्या कार्यक्रमातलं लोकांचं उत्तर कापून तो अल्बममध्ये या रिकाम्या जागी चिकटवणार म्हणे. मी म्हटलं, म्हणजे क्योतोत बसून मार्केट यार्डातले लोक ओरडणार! पण चालेल, भगदाड तरी बुजेल. तोक्योला रविवारी गाणं आहे. तिथे मी हे गाणं घेणार नाही. तुमच्यासाठी म्हणून, आणि थोडं माझ्यासाठीही.

तुम्ही शांत झोपा, एवढं माझं ऐका.
निकू

*

वाघोली
दि. २० नोव्हेंबर, घाईत

चि. निकितास,
जय भीम.

मी लिहिले ते मागे घेतो. गाणे घे. मला भीती वाटतेच आहे, पण घे.

काय झाले ते सांगतो. तुझे पत्र वाचून चेतनने क्योतोचे रेकॉर्डिंग परत लावले. त्याचे म्हणणे, मन लावून ऐका, त्यात भिण्यासारखे काही नाही. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो. तुझा प्रश्न आला. शांतता आली. मी मान खाली घातली. आणि स्वयंपाकघरातून तुझी आजी केवढ्याने ओरडली, 'साऱ्यांचं!'

हातात पीठ तसेच. मी विचारले, चंद्रभागे, काय झाले? तर म्हणाली की पोरगी एवढ्या लांबून विचारते आहे आणि घरात दोन बापे दगडासारखे बसलेत, ही कुठली रीत? इतकी वर्षे मी झील धरली, पण ती माझ्या गाण्याला कधी तोंड उघडून बोलली नाही. लोकच एवढे ओरडायचे, तिची गरजच पडली नाही.

मग मी पुण्याचे रेकॉर्डिंग लावून पाहिले. त्यात लोक असे गर्जतात की आम्ही तिघे पाहुण्यांसारखे ऐकत बसलो. कुणी ओठ हलवला नाही. तेव्हा अनिरुद्धला सांग, पुण्याचे पुण्याला राहू दे. तिथे काही चिकटवू नकोस.

एकच ऐक. प्रश्न टाकलास की पळू नकोस. ठोका पुरा होऊ दे. घाबरलीस तरी उभी राहा, मीही इथे बसलेलो असेन.

आबा

*

वाघोली
दि. २६ नोव्हेंबर

चि. निकितास,
सप्रेम जय भीम व अ. उ. आ.

तोक्योचे रेकॉर्डिंग आले. चेतनने जेवणाआधीच लावले. नाहीतर मला घास गेला नसता.

प्रश्न आला तेव्हा मी डोळे मिटले आणि हात आपोआप कानावर गेला. खोटे कशाला लिहू, याही वेळी मी दगडाची वाट पाहिली. तू थांबलीस. ठोका पुरा केलास. तुझ्या समोरची सगळी माणसे तशीच गप्प होती, आणि त्या गप्पपणात त्यांचा श्वास ऐकू येत होता. माझ्या तोंडून शब्द निघाला, बारीकच, पण निघाला. चेतनही म्हणाला. मग तू पुढचे कडवे घेतलेस आणि तुझा आवाज हलला नाही. मी कानावरचा हात खाली घेतला. चेतनला म्हणालो, परत लाव.

आता तक्रार. तुझी आजी रुसली आहे. तिचा शब्द तुझ्या कडव्यावर पडला. तिचे म्हणणे आहे की पुढच्या वेळी ती जागा जरा मोठी ठेव, तिला गॅस बारीक करून यायला वेळ लागतो.

लवकर ये. माया आहेच, ती कमी होऊ देऊ नकोस.
तुझा आबा, रतन