दाव्यासकट

९ नोव्हेंबर, रविवार
आज अबोली माझी झाली. वसंता सकाळीच वैजापूरहून आला. गाडीतून उतरायच्या आत म्हणाला, "आजपासून ही तुझी. पैशाचं नाव काढलंस तर थोबाड फोडीन."

चार वर्षं उसनी घोडी. बायपासनंतर त्यानंच दिली होती, "घरी बसून मरशील, फिरव हिला" म्हणून. पडेगावला महमूदभाईंच्या तबेल्यात मुक्काम. दाणापाणी माझं, मालकी त्याची. दर दसऱ्याला पूजेसाठी वैजापूरला न्यायचा, आठ दिवसांनी परत आणून सोडायचा. ते आठ दिवस मला करमायचं नाही. कितीदा आडून सुचवलं असेल, की देऊन टाक. हसायचा.

आज साधा कागद केला, दोघांच्या सह्या. गळ्यातलं दावंही माझ्या हातात दिलं. "घे, हे पण." मला भरून आलं. अबोलीच्याही डाव्या डोळ्यातून पाणी येतंय, पण ते दसऱ्यापासूनच. धूळ असणार. रुमालानं पुसलं आणि फेरीला निघालो.

१० नोव्हें.
कॉलेजच्या ग्रुपवर वसंतानं फोटो टाकला. 'जिवलग मित्रास सप्रेम भेट.' दिवसभर अंगठे आणि फुलं. कुणीतरी 'दानशूर' लिहिलंय. मला 'घोडेस्वार संपादक'. मी संपादक कधीच नव्हतो, उपसंपादक होतो. दुरुस्ती केली नाही.

ताट वाढताना सुधा म्हणाली, "चार वर्षं तुम्ही मागत होतात तेव्हा दिली नाही. आत्ताच का बरं सुचलं?"
बायकांना कौतुक म्हणून नाही, असं म्हणालो. भाजीत मीठ कमी होतं. बहुधा मुद्दाम.

१३ नोव्हें., गुरुवार
महमूदभाईंनी खुंटीवरचं दावं बघितलं. "हे तर वसंतरावांच्या घरचं. विसरले क्या?"
"विसरले नाहीत. दिलं."
ते खरारा करत होते, थांबले. "साहब, दावं कोणी देत नाय. जनावर देतेत, दावं आपल्याकडं ठेवतेत. दावं गेलं की घरची बरकत जाती. घेणारा आपलं नवं दावं आणतो."
"मग यानं का दिलं?"
"आता मी काय सांगू..."
"सांगा."
"जे जनावर परत दारात यायला नक्को, ते दाव्यासकट देतेत."
पुन्हा खरारा सुरू. मी म्हणालो, वसंता असलं काही मानत नाही. दसऱ्याला घोडीची पूजा करणारा माणूस मानत नाही, असं मी म्हणालो.

१६ नोव्हें., रविवार
फाटकातून बाहेर पडताना अबोली डाव्या बाजूच्या खांबाला धडकली. माझा गुडघा सोलला. रोजचं फाटक, रोजचा खांब.

१८ नोव्हें.
जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. टॉर्च मारायच्या आधीच म्हणाल्या, "अरे, ही इथं असते होय? दसऱ्याला वैजापुरात मीच तपासली हिला."
डावा डोळा जवळजवळ गेलेला. उजव्यात सुरुवात. हा आजार येतो, जातो, प्रत्येक वेळी थोडी नजर घेऊन जातो. वर्ष निघेल, कदाचित दीड. बाकी घोडी ठणठणीत, अजून दहा वर्षं जगेल.
"वसंतरावांना सगळं सांगितलं होतं मी. तुम्हाला बोलले नाहीत?"
"बोलले होते," मी म्हणालो. का म्हणालो ते माहीत नाही. त्याची अब्रू राखली की माझी?

१९ नोव्हें.
तेहेतीस वर्षं पेपरातल्या नव्या पोरांना शिकवलं: कोण, काय, कधी, कुठं, का. पाचवं उत्तर नसेल तर बातमी परत पाठवायचो. इथं 'का' सुधानं विचारलं, मी भाजीतल्या मिठावर नेलं.

२१ नोव्हें., शुक्रवार
वसंताला फोन केला. आवाज चढवला नाही.
"तुला डोळ्याचं माहीत होतं."
त्यानं आधी कुणाला तरी शेतातली मोटर बंद करायला सांगितली. मग म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर घेतली नसतीस का?"
"घेतली असती."
"मग झालं तर!" आणि हसला. खरंच हसला. "अरे, माझ्या इथं आंधळ्या जनावराला कोण बघणार? पोरं लगेच बाजार दाखवतील. तुझ्याकडं जीव लावशील."
"मग दावं का दिलंस?"
"कसलं दावं?"
फोन ठेवला. मी.

२५ नोव्हें.
'घेतली असती' असं लगेच म्हणालो होतो. चार दिवस झाले, आता तेवढ्या लगेच म्हणवत नाही. त्याचाच राग जास्त येतोय. त्यानं मला विचारलंच नाही, त्यामुळं मी कसा वागलो असतो ते कधीच कळणार नाही. चांगुलपणाची संधीसुद्धा त्यानं...

२९ नोव्हें., शनिवार
विकायची म्हणून सांगून ठेवलं होतं, महमूदभाईंनी एक गिऱ्हाईक आणलं. फर्दापूरचा माणूस, पर्यटकांना घोड्यावर फिरवतो. दात पाहिले, पाय पाहिले, उजव्या बाजूला उभा राहून मानेवरून हात फिरवला. "लई शांत हाय. खोड काय?"
महमूदभाई माझ्याकडं बघत होते. मी घोडीकडं.
"खोड काही नाही," मी म्हणालो.
खोटं नाही. खोड म्हणजे वाईट सवय. अबोलीला एकही नाही. शब्द नेमका वापरायची सवय अशी उपयोगी पडते.
पुढच्या रविवारी, सात तारखेला, दहाला टेम्पो घेऊन येतो म्हणाला. तो गेल्यावर महमूदभाई हळूच म्हणाले, "दावं बी देऊन टाका, साहब."

३ डिसेंबर
सकाळी उजव्या बाजूनं गेलो तर फुरफुरली. डावीकडून गेलो, दचकली. मग हाक मारत डावीकडून गेलो. मान वळवली, नाक छातीला लावलं. तसंच उभं राहिलो. फेरी झाली नाही.
सुधाला फर्दापूरचं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "त्याला डोळ्याचं सांगितलंत?"
ताट सारून उठलो.

६ डिसें., शनिवार
शहागंजात दोरवाल्याकडं गेलो. जाड सुती दावं घेतलं, पांढरं, लाल गोंड्याचं. म्हातारा गाठ मारून दाखवत होता. "बैलाला का?"
"घोडीला."
"घरची हाय का विकायची?"
मागं गिऱ्हाईकं उभी होती. "घरची," म्हणालो.
दावं पिशवीत आहे. फर्दापूरवाला उद्या दहाला येणार. त्याचा नंबर समोर लिहून ठेवलाय. अजून लावलेला नाही.