सात म्हणजे सात

६ मार्च
वही, माफ कर. काल तुला उघडलंच नाही. कंबर अशी धरली की दिवसभर पलंगावर ओंडक्यासारखा पडून! पाणीसुद्धा हिनेच आणून दिलं, वर टोमणा — "पॉलिशवाले, आता तुम्हालाच एक हात मारू का?"

आज उठलो. नातीच्या फळीला पॉलिशचा हात दिला. तीन तारखेला सुरुवात केली, रोज एक पातळ हात. तिला सात थर हवेत.

९ मार्च
झाले! तीन ते नऊ, सात दिवस, सात हात. फळीत बघून दाढी करावी अशी चमक. नात घेऊन गेली.

१४ मार्च
नात आली होती. या फळीचं करणार काय, ते शेवटी विचारलं. कॉम्प्युटरवर म्हणे उजेडाचे लाखो कण सोडायचे. प्रत्येक थरात फासा टाकायचा — कण मागे फिरला, तिथेच मुरला, की पुढे गेला? बाहेर किती आले ते मोजायचं. मग खऱ्या फळीवर उजेड टाकून ताडून बघायचं.

म्हणजे जुगारच की!

"यालाच डॉक्टरेट देतात, आजोबा."

आमच्या वेळी पोलीस धरायचे!

१९ मार्च
जुळत नाही. फळी गणितापेक्षा उजळ निघाली. तिच्या डॉक्टरेटच्या बाई म्हणाल्या, सोमवारपर्यंत जुळव, नाहीतर ही रीत सोडून दे. तीन वर्षांची मेहनत!

फोनवर हळूच विचारते, "आजोबा, सहा थर धरले की तंतोतंत जुळतं हो. सातच होते ना?"

तापलो मी. "चाळीस वर्षं हेच केलं! सात म्हणजे सात!"

"बरं. मग माझंच काहीतरी चुकतंय."



२० मार्च
पॉलिश जुनं होतं का? लाकूड ओलं? जीव नुसता टांगणीला. ही म्हणते, "घिरट्या घालू नका, कंबर परत धरेल."

२१ मार्च
कंबर! वही मागे चाळली. पाच तारखेला मी पलंगावर होतो.

निरोप धाडला — "सहाच गं! तुझी रीत बरोबर, आजोबा चुकला. हवं तर बाईंना वहीचं पान दाखवू, आजीचा टोमणा झाकून. निरोप पोचला का? लवकर कळव."