उजवा मडगार्ड

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. नागव्वास, गुरुशांतअण्णाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. हितं सगळे खुशाल. तुझा गुडघा बरा असेल असं धरून चालतो, कारण खरं काय ते तू लिहिणार नाहीस. फोन करत नाही म्हणून रुसू नको. चाळीस वर्षं टॉवेल कारखान्यात जॉबर होतो, बिघडलेले माग दुरुस्त केले. हात शहाणे झाले, कान मात्र मागाच्या खडखडाटात गेले. आता फोन कानाला लावला की पलीकडं कुणीतरी मागच चालवतंय असं वाटतं. त्यापेक्षा पत्र बरं.

बातमी अशी, की मी जीप बांधतोय. जुन्या चालीची, चार चाकं ओढणारी, काळ्या मातीतून निघणारी. घरामागच्या पत्र्याच्या शेडात काम मांडलंय. चासी एका लिलावातली, इंजिन दुसऱ्या जीपचं, गिअरपेटी तिसरीची. बॉनेट आणि अंगाचा पत्रा तेवढा नवा. तो बसवेशनं मोबाइलवरून पंजाबातून मागवून दिला. पोरगं हिसाबाचं, पण बापाचा हट्ट पुरवतं. तुझी वहिनी म्हणते, ह्या वयात माणसं जपमाळ ओढतात, आमचे पाना ओढतात. म्हणू दे राजेश्वरीला. कारखाना सुटल्यापासून रिकामे हात घेऊन बसणं म्हणजे काय, ते मलाच ठाऊक.

आता तुझं काम. अक्कलकोटचा कोंडीबा जुन्या वडापच्या जिपा मोडून सुटे भाग विकतो, दाजींच्या ओळखीचा. त्याच्याकडून पुढच्या चाकावरचा मडगार्ड घे. उजवा घे. डावा मला मिळाला आहे. एस.टी.च्या पार्सलनं पाठव.

माया आहेच, मडगार्डापायी ती पातळ होऊ देऊ नये.

तुझा
गुरुशांतअण्णा


मैंदर्गी,
२६ नोव्हेंबर २०२४

ती. गुरुशांतअण्णास, धाकट्या बहिणीचे, नागव्वाचे शरणार्थी नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. गुडघा लई दुखतोय, घे, खरं लिवलं. गव्हाची पेरणी आवरली, बैलं दोन दिस गोठ्यात बसून हायती, मीबी तशीच.

कोंडीबाकडं जाऊन आले. तुझं नाव सांगितल्यावर म्हणाला, मागाचा जॉबर जीप बांधतोय म्हणजे ती पुढं जायच्याऐवजी हितल्या हितं हालंल. मी त्याला म्हटलं, तुझ्या जिपा तर हालतबी न्हाईत. मडगार्डांची जोडी होती, त्यातला उजवा घेतला. आमच्या मालकांनी तीस वर्सं वडाप चालवलं, जिपेत गावोगावची शिटं वाहिली, त्यामुळं मला उजवं-डावं सांगाय कुणी लागत न्हाय. कुंकवाचं बोट लावून पार्सल केलाय.

वैनीला सांग, जपमाळेपरास पाना बरा, हाताला ताकद राहती.

आठवण ठेवशीलच, ती पत्रात दिसू दे.

तुझी
नागव्वा


सोलापूर,
४ डिसेंबर २०२४

चि. नागव्वास, अनेक उत्तम आशीर्वाद.

पार्सल पोचलं, कुंकवाचं बोटही पोचलं. पण बाई, तू डावा पाठवलास की! माझ्याकडं आता दोन डावे झाले. तीस वर्षं वडापच्या घरात काढलीस आणि हे? कोंडीबानं तुझ्या गळ्यात खपवला असेल.

मजा पुढं ऐक. बसवेशला मडगार्ड दाखवला तर त्यानं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, की अप्पा, हा उजवाच आहे. तुमच्याकडं उजवा होताच, डावा पाहिजे होता आणि तुम्ही मागितला उजवा. मी म्हटलं, अरे, मी जॉबर आहे, मला हात कळत नाहीत? राजेश्वरीनं त्याच्याकडं बघितलं. ते बघणं मला आवडलं नाही.

मडगार्ड परत पाठवतोय. त्याच जोडीतला दुसरा, म्हणजे उजवा, पाठव.

लहान आहेस म्हणून रागावलो, मोठा आहे म्हणून सोडून दिलं.

तुझा
अण्णा


मैंदर्गी,
११ डिसेंबर २०२४

ती. अण्णास, नागव्वाचे शरणार्थी.

मडगार्ड परत आला. कंडक्टर म्हणाला, मावशी, ह्याला पास काढून देऊ का? तो घेऊन पुन्ना कोंडीबाकडं गेले. त्यानं उभ्या असलेल्या एका जिपेला लावून दाखवला. अण्णा, उजवाच हाय. मी डोळ्यांनी बघितलाय. तू म्हणतोस डावा. मला काय समजंना. हितंच ठेवलाय. घाई करू नको, निवांत बसून नीट इचार कर आणि काय पायजे ते लिव.

दूधहळद घेत जा. वैनीला माझा नमस्कार, आणि तुझ्यावर जरा ध्यान ठेव म्हणून सांग.

आहे तशीच माया राहू दे.

तुझी
नागव्वा


सोलापूर,
१७ डिसेंबर २०२४

चि. नागव्वास, आशीर्वाद.

विचार केला. डावा पाठव. का, ते विचारू नको.

दूधहळद घेत नाही. मला काही झालेलं नाही.

अण्णा


मैंदर्गी,
२३ डिसेंबर २०२४

ती. अण्णास, शरणार्थी.

तुझ्या मनासारखा मडगार्ड आजच्या गाडीनं पाठवलाय. आता कायबी मनाला लावून घेऊ नको. माणूस थकतो, त्यात लाज कसली? संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेला येतेच, तवा बोलू. म्हणजे मी पाटीवर लिवीन, तू बोल.

तुझी
नागव्वा


सोलापूर,
२ जानेवारी २०२५

चि. नागव्वास, अनेक आशीर्वाद.

पार्सल उघडलं. तोच मडगार्ड, तेच कुंकवाचं बोट. माझी नागव्वा, हे काय केलंस?

आता लपवून उपयोग नाही. गेल्या वेळी मी मुद्दाम उलट लिहिलं होतं. मला पाहिजे होता उजवाच. पण तू, कोंडीबा, बसवेश, सगळे मिळून एका बाजूला आणि मी एकटा दुसऱ्या बाजूला. चौघांत एकाचंच घड्याळ वेगळं चालत असेल तर बिघाड त्या घड्याळात, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आलो. म्हणून डावा लिहिला. आणि तरी आला तोच! तूही उलटं केलंस का? अण्णाला काही कळत नाही, तो मागेल त्याच्या उलट पाठवावं, असं मनात आलं का तुझ्या? आलं असेल तर स्पष्ट लिही. मला राग नाही, भीती आहे.

बसवेश मला मेंदूच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टर समोर बसून कागदावर प्रश्न लिहीत होते. वार विचारला, सांगितला. शंभरातून सात सात वजा करायला लावले, बसवेशच्या आधी केले. मग लिहिलं, डावा हात वर करा. साधी गोष्ट. पण महिनाभर हाच घोळ डोक्यात, मला वाटलं आता चुकायला नको, म्हणून दोन्ही हात वर केले. चोरासारखे. मग त्यांनी लिहिलं, माझा उजवा हात दाखवा. मी दाखवला. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं आणि बसवेशचं तोंड पडलं.

घरी येऊन बसवेशनं ठरवलंय, की गड्ड्याची यात्रा झाली की सगळे भाग भंगारात द्यायचे आणि शेडला कुलूप. अप्पा यंत्राखाली हात घालतील आणि हात गमावतील, असं त्यानं लिहून दिलं. त्याचं चुकतं असं म्हणायला माझ्याकडं तोंड नाही. जीप गेली तर गेली. पण ज्या हातांवर चाळीस वर्षं दोनशे माग चालले, त्यातला उजवा कुठला, डावा कुठला हे मला कळत नसेल, तर मी कोण राहिलो?

तुझा
गुरुशांत


मैंदर्गी,
२० जानेवारी २०२५

ती. गुरुशांतअण्णास, नागव्वाचे शरणार्थी.

आधी माफी. व्हय, मी उलटंच पाठवला होता. तू डावा लिवलास, मला वाटलं अण्णाच्या तोंडात एक आणि पोटात एक, म्हणून उजवा बांधला. शाणपणा नडला.

आता पुढचं नीट वाच, दोनदा वाच. गड्ड्याला आले तवा तुझ्या शेडात तासभर बसले होते. तू जीपच्या तोंडासमोर उभा होतास, बॉनेटकडं तोंड करून. जे काय दाखवायचं ते तितनंच, हात लांब करून दाखवत होतास. ही उजवी बाजू, ही डावी. मी मान हालवत होते, पण डोक्यात काय शिरत नव्हतं.

काल औताला बैलं जुंपली. उजव्या अंगाला सोन्या, डाव्या अंगाला पाखऱ्या. तोंडावरच्या म्होरक्या आवळायला पुढं गेले, बैलांकडं तोंड करून उभी राहिले, तर सोन्या माझ्या डाव्या हाताला! अण्णा, मी तितंच मटकन बसले. बैलं बघायला लागली.

आमी शेतकरी माणसं बैलांच्या मागं उभी राहून उजवा-डावा म्हणतो. मालकबी गाडीत बसून तसंच म्हणायचे. आणि तू? लग्नाआधी मी तुझा डबा घेऊन कारखान्यात यायची, तवा तू मागाकडं तोंड करून उभा असायचास. तुझ्या उजव्या हाताला येतंय ते मागाचं उजवं. चाळीस वर्सं यंत्राच्या समोर उभा राहिलास, म्हणून जीपच्याबी समोरच उभा राहतोस. कोंडीबा बसून बघतो, तू उभा राहून बघतोस. डॉक्टरचाबी तसाच घोळ झाला असणार; तुझ्यासमोर बसलेला माणूस म्हणजे तुला आणिक एक माग!

आता एवढं कर. शेडात जा, आणि जीपमधी बस. बसून बघ.

दुसरा मडगार्ड ह्या पत्राच्या आधी पोचंल. त्याला हळदीचं बोट लावलंय, म्हंजे तोच परत आला असं वाटायचं न्हाय.

तुझ्यावरचा माझा जीव तोलून बघू नको, काटा मोडंल.

तुझी
नागव्वा


सोलापूर,
२८ जानेवारी २०२५

चि. नागव्वास, अण्णाचे अनेक उत्तम आशीर्वाद, आणि ह्या वेळी नमस्कारही.

पत्र वाचून शेडात गेलो. जीपला अजून सीट नाही, तेलाचा डबा उपडा घातला आणि स्टेअरिंगमागं बसलो. आणि मग लक्षात आलं, की चार महिने मी जीप बांधतोय आणि एकदाही जिपेत बसलो नव्हतो. बसल्या बसल्या सगळी जीप फिरली. उजवं तिकडं गेलं, डावं इकडं आलं. उतरून समोर उभा राहिलो, पुन्हा जिथल्या तिथं. लहान पोरासारखं तीनदा चढलो, उतरलो. राजेश्वरी दारात येऊन उभी राहिली. तिला वाटलं असेल, आता पुरतं गेलं काम.

बसवेशला तुझं पत्र दिलं. त्यानं वाचलं, मग तोही डब्यावर बसला, समोर उभा राहिला, पुन्हा बसला. मग डोकं धरून इतका हसला की मला ऐकू आल्यासारखं वाटलं. भंगारवाल्याला नको म्हणून कळवलंय. हळदीचा मडगार्ड बरोब्बर बसला, चारही बोल्ट मापात. इंजिन रविवारी चालू करून बघणार.

इथपर्यंत सगळ्यांना वाचून दाखवलं. पुढचं फक्त तुझ्यासाठी.

डॉक्टरांनी दहा फेब्रुवारीला, सोमवारी पुन्हा बोलावलंय. बसवेश म्हणतो, आता काय गरज? उलगडा झाला की. मी म्हटलं, जाऊ. का म्हटलं ते त्याला सांगितलं नाही. गेल्या गुरुवारी जेवायला बसलो होतो. राजेश्वरी भाकरी वाढत होती. मला चटणी हवी होती, हाक मारायला तोंड उघडलं, आणि तिचं नावच येईना. बाई समोर उभी आहे, बेचाळीस वर्षांची सोबत, आणि नाव नाही. अर्धा मिनिट असेल. मग आलं. मी चटणी मागितलीच नाही.

आता ह्याला काय म्हणायचं? हे कुठं उभं राहून बघितलं म्हणजे सरळ दिसतं? वयाचं असेल, दोन महिन्यांच्या भीतीचं असेल, नाहीतर खरंच काही असेल. मडगार्डाचा घोळ सुटला म्हणून हा सुटला, असं सगळ्यांनी धरलंय. मलाही धरावंसं वाटतं, पण धरवत नाही.

कुणाला बोलू नको.

तुझा
गुरुशांतअण्णा


मैंदर्गी,
२ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णास, नागव्वाचे शरणार्थी.

ते कशानं झालं, मला ठाऊक न्हाय. उगं काय तरी सांगून तुझी समजूत काढणार न्हाय. मागल्या वेळी परस्पर शाणपणा केला, त्याचं काय झालं ते बघितलंस.

दहा तारखेला सोमवारी पहिल्या गाडीनं येते. बसवेशला सांग, डॉक्टरकडं आत्ती बरोबर येणार, कारण इचारू नको. आत गेल्यावर जे येतंय ते सांग. जे येत न्हाय ते येत न्हाय म्हण, दोन्ही हात वर करू नको. गुरुवारचं तूच सांग डॉक्टरला. सांगवंना झालं तर मी पाटीवर लिवीन.

आणि डॉक्टर बसू दे समोर. मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसणार हाय, त्याच्याकडंच तोंड करून. म्हणजे तुझं जे उजवं, तेच माझंबी उजवं.

तोवर चटणी मागून घे. नाव न्हाय आलं तर ताट वाजीव.

तुझी
नागव्वा