घिवलीच्या वाळूत नैरोबी ते नाकुरू

बोईसर, रविवार, १३ फेब्रुवारी १९६६

सकाळी सायकलने घिवलीला गेलो. दुपारी परत आलो. अंगाला बोंबलाचा वास आहे.

चि. आत्माराम यास आशीर्वाद. तुझा खोकला गेला असेल. मी बरा आहे. तुझ्या वत्सलाताईला जाऊन उद्या तीन महिने होतील.

नैरोबीकडे फवारणीचे लहान विमान चालवायला जाण्याआधी तिथल्या वाटा तुला तोंडपाठ व्हाव्यात, म्हणून तू पाठवलेला नकाशा मिळाला. ‘दाजी, यावरून मला प्रश्न काढून पाठवा’ असे लिहिलेस. तुझा अभ्यास पूर्वी तुझी ताई घ्यायची, आता तो माझ्याकडे आला. नकाशा मोठा, टेबल लहान, म्हणून पलंगावर तिच्या बाजूला पसरला आहे. पडल्या पडल्या त्यावरून हिंडतो. तिकडे जमीनच साडेपाच हजार फुटांवर, म्हणजे माणूस उतरला तरी आभाळातच (हे मला फार आवडले). परवा तारापूरच्या बांधकामावर, आमच्या स्टोअरमध्ये, हिशेब ठेवणाऱ्या खंडेरावांनी सिमेंटच्या गोणी किती उरल्या असे विचारले, तर मी साडेपाच हजार फूट म्हणालो. त्यांनी लिहूनही घेतले.

प्रश्न काढायचे तर वाट आधी आपण चालून बघावी. म्हणून आज ओहोटीच्या वेळी काठीने वाळूत नकाशा काढला. नैरोबीला एक शिंपला, नाकुरूला पालथी होडी, मध्ये डाव्या हाताला नैवाशाचे तळे (त्यात पाणी आपोआप भरले). हात पसरून निघालो. तोंडाने विमानाचा आवाज काढला नाही, निदान मोठ्याने नाही. इतके हलके कित्येक दिवसांत वाटले नव्हते. खाली पिवळे गवत, त्यावर आपली सावली, एखादा जिराफ मान वर करून बघतो आहे. नाकुरूला सुखरूप उतरलो. परत फिरलो, तळे पुन्हा डाव्याच हाताला धरले आणि थेट ठकीबाईंच्या वाळत घातलेल्या बोंबलांत शिरलो.

“मास्तर, जाताना डोलं मिटून गेलते काय?” त्या म्हणाल्या. (कोळीण. ओळख आजचीच.) मी सगळे खरे सांगितले. त्या हसल्या नाहीत. शेजारच्या दोघी पुरेशा हसल्या.

“माजा घरवाला नव्या पान्यात गेला का घडी घडी मागं वलून बगतो. म्होरं दिसते ती जायाची वाट. यायची वाट पाठीला असते. ती तुमच्या पोराला कोन शिकवनार?”

तेव्हा प्रश्न एकच: नाकुरूहून निघालास, तळे कोणत्या हाताला? उत्तर लिहू नकोस. डोळे मिटून बघ. आणि तिकडे प्रत्येक नव्या वाटेवर मागे वळून बघत जा.

तुझा दाजी,
नागोराव

ता. क. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात तू विचारलेस की दाजी एकटे पडले, तर नोकरी नाकारू का. ते वाचलेच नाही असे दाखवायचे ठरवले होते. नाकारू नकोस. इथे मला सोबत पुष्कळ आहे असे लिहिणार होतो, पण ते खोटे झाले असते. तरी जा.

आणखी एक. जहाज सुटण्यापूर्वी नकाशा परत हवा म्हणतोस. तू दुसरा घे. हा मी देणार नाही.

दोरीवरची चादर वाळली आहे. एक टोक खुंटीला अडकवले की एकट्यालाही घडी घालता येते. ती घालून घेतो.