लाखेचा पडदा, सहावी फळी

मी, कुंदा श्रीकृष्ण पांढरीपांडे, वय ७२, निवृत्त शिक्षिका, राहणार यवतमाळ, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणाचे दडपण नाही. किळस मात्र आहे, आणि ती कायद्याने लपवावी लागत नाही असे वकील म्हणतात.

१. राहते घर व बँकेतील ठेव मुलगा सलील आणि मुलगी गौरी यांना निम्मी निम्मी. यावरून भांडू नये. भांडलात तरी मी ऐकायला नाही.

२. सहा फळ्यांचा घडीचा पडदा. सासऱ्यांनी १९४७ साली कापूस कंपनीच्या गोऱ्या मॅनेजरच्या सामानाच्या लिलावात घेतला. यजमानांच्या मृत्युपत्राने मला आला. काळ्या अंगावर सोनेरी बगळे. बगळे पाहुण्यांकडे, पाठ आमच्याकडे, कारण घरातल्या बायकांना महिन्याचे चार दिवस त्याच्या आड बसवत. तो सोहळा मला तेव्हाही ओंगळ वाटे. पण स्वयंपाकातून सुटका तेवढीच, म्हणून मॅट्रिकचा अभ्यास मी तिथे केला. नणंद मनू हिला शाळेचे तोंडही दाखवले नव्हते. तिला मी तिथेच अक्षरे शिकवली. पाटी मागितली तर "विटाळेल" म्हणत, म्हणून तिची अक्षरे आणि माझी गणिते, दोन्ही केसातल्या आकड्याने पडद्याच्या पाठीवर. मनू एकोणिसाव्या वर्षी बाळंतपणात गेली. तिचा एक फोटोही नाही.

३. कापसाला भाव नाही, त्यामुळे सलीलच्या बाभुळगावच्या कृषी केंद्रात कुत्रे फिरकत नाही. रिकाम्या चिरंजीवांची नजर माझ्या घरातल्या वस्तूंवर गेली. नागपूरहून जुन्या वस्तूंचे जाणकार उत्तमसिंग यांना घेऊन आला. त्यांनी बगळ्यांकडे पाहिलेही नाही. पाठीवर बोट फिरवले, बिजागऱ्या पाहिल्या आणि म्हणाले, "चीन का है, माताजी. पूरा लाख का काम है." सलीलने तेवढ्यावर बहिणीला फोन लावला, "गौरे, लाखाचा निघाला!" अरे गाढवा, लाखाचा नव्हे, लाखेचा! झाडाच्या चिकाचे थरावर थर. किंमत त्यांनी चाळीस हजार सांगितली, तीही सहा फळ्या एकत्र असतील तर. "जोड टूटा तो कोई नहीं लेगा." पाठीवरच्या रेघांमुळे थोडे कमी येतील, असेही म्हणाले.

४. मी पेन्शन आणायला गेले असताना सलीलने भीमराज सुताराला पडद्याची पाठ घासायला लावले. मी परतले तेव्हा पाच फळ्यांचे लाकूड उघडे पडले होते. सहावीला टेकून मी खाली बसले. भीमराज बिचारा कानकोंडा झाला. "मले त भाऊनंच सांगतलं, बाई." भाऊ म्हणाला, "आई, रेघोट्याच होत्या त्या. कायले रडून राह्यली?" माझी बीजगणिते गेली तर गेली, पण मनूची बाराखडी त्याच्या चपलेखाली भुकटी होऊन पडली होती. पोटच्या पोराची शिसारी येते, हे मला बहात्तराव्या वर्षी कळले.

उत्तमसिंग पुन्हा आले आणि कपाळाला हात लावून बसले. "रेघ चल जाती, माताजी. इसकी तो खाल उतार दी." आता बारा हजार, आणि तेही सहाच्या सहा असतील तरच.

५. सबब, पाच फळ्या सलीलला, बगळ्यांसकट. सहावी त्याचीच मुलगी शाल्मली, सज्ञान, हिला. तिने ती विकू नये आणि बापाच्या हवाली करू नये. जोड फुटल्यावर सलीलच्या पाच फळ्या कोणी घेणार नाही, याची मला पूर्ण कल्पना आहे. त्यासाठीच असे केले आहे.

शाल्मले, बगळे भिंतीकडे कर आणि पाठ खोलीकडे ठेव. खालच्या कोपऱ्यात तिने स्वतःचे नाव लिहिले आहे: "मनु". उकार ऱ्हस्व काढला आहे. मी दीर्घ कर म्हणून तिला तेव्हा दहादा सांगितले, तिने ऐकले नाही. आता तो कोणीही दुरुस्त करू नये.

सही: कुंदा श्री. पांढरीपांडे

बाईंनी हे आम्हां दोघांना मोठ्याने वाचून दाखवले व आमच्या देखत सही केली. आमच्या दोघांच्याही वाट्याला यात काही नाही.

साक्षीदार:
१. डॉ. अभिषेक घाटे
२. घनश्याम राठोड, शेजारी

यवतमाळ, १६ नोव्हेंबर २००६