उशीचा अभ्रा आणि पंपाची पेटी

ता. ४ मे

चि. सौ. सूनबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या खाणीवर फोन लागत नाही. सामानाच्या ट्रकबरोबर डाक जाते, म्हणून कागद घेऊन बसले. एका परीने बरंच आहे. फोनवर तू नुसती हो आई, हो आई करतेस. कागदावर तशी सुटका नाही.

रोपवाटिकेत सगळे खुशाल आहेत. थोरला, म्हणजे तुझा नवरा, नेहमीसारखा दिवसाला चार वाक्यं बोलतो. त्यातली दोन रोपांशी. धाकटं आपलं तुफान मात्र फार पेटलंय. कारण तू पंपाला बसवलेली ती वेग सांभाळणारी पेटी.

महिनाभर तुझ्या पेटीचं मी येईल-जाईल त्याला कौतुक सांगितलं. पूर्वी पंप सुरू झाला की पाइप असे दणकायचे की माझ्या हातातला कप हिंदकळायचा. आता कधी सुरू झाला ते कळतही नाही. एका काचघराचं पाणी बंद केलं की पंप आपणहून मंद होतो, जोड निसटत नाहीत. पण गेले चार दिवस ती मध्येच पंप बंद करते. पडद्यावर ‘भार कमी’ अशी अक्षरं येतात. अर्ध्या तासाने आपणच सुरू करते, जरा पाणी येतं, की पुन्हा बंद. तुफान म्हणतो, नव्या नवरीसारखी रुसते. मी त्याला म्हटलं, नव्या नवरीची उपमा माझ्यासमोर जपून दे.

ऊन मी म्हणतंय. दोन्ही काचघरांतली रोपं अजून बोटभरसुद्धा नाहीत. थोरला झारीने पाणी घालतो, पण झारी कुठवर पुरणार? तुफानाचं म्हणणं, पेटी बाजूला सारू आणि जुन्या स्टार्टरवर पंप थेट चालवू. मी पंपघराला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोवली. सुनेचं पत्र येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही असं बजावलंय. पेटी बसवायची तेव्हा घरात मीच तुझी बाजू घेतली होती. तेव्हा आता तुझी लाज ती माझी लाज.

पाण्याचं म्हणशील तर काळजी नको. हौद धुतला त्या दिवशीच मी त्याचा बंदोबस्त केलाय. घरात न गाळलेलं पाणी मी कुणाला पिऊ देत नाही, मग रोपांनी काय घोडं मारलंय?

उत्तर लगेच टाक. माया आहेच, तिला खतपाणी घालत जा.

तुझी,
आई

ता. ९ मे

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आत्ता मिळालं. ट्रकवाल्याला चहा पाजून थांबवून ठेवलंय, म्हणून घाईत लिहिते.

पहिली गोष्ट, किल्ली कमरेलाच राहू द्या. जुन्या स्टार्टरवर पंप अजिबात चालवू नका. तुफान भाऊजींना माझी शपथ घाला, ती चालली नाही तर तुमची घाला.

पेटी रुसलेली नाही. पंप उपाशी आहे. पाणी उचलताना पंपाला जोर लागतो, तो जोर पेटी सतत बघत असते. ओढायला पाणीच मिळालं नाही की पंप हलका हलका फिरतो. त्यालाच ती ‘भार कमी’ म्हणते. आतले भाग पाण्यानेच गार राहतात. पाण्याशिवाय फिरला तर पंप तापून जळतो. मामंजींचा पंप त्या उन्हाळ्यात असाच जळला, असं तुम्हीच मला सांगितलं होतंत. त्या पंपाला थांबवणारं कुणी नव्हतं.

तेव्हा हौदात पाणी असेल तर पाइपच्या तोंडाशी काही तरी अडलंय. दोरीने पाइप वर ओढा आणि टोकाची जाळी बघा. बाकी कशाला हात लावू नका.

आणि पंप मंद चालतो म्हणून कुणी बोटं मोडत असेल तर त्यांना सांगा, आधी आपण शेगडी पूर्ण मोठी ठेवून दूध उतू जाऊ नये म्हणून फुंकर मारत बसत होतो. पंप फुल वेगात आणि वर चावी आवळलेली. आता शेगडीच बारीक करतो. वेग थोडा उतरवला तरी वीज पुष्कळ वाचते.

मी इथे ठीक आहे. खाणीतलं पाणी उपसायचे तीन पंप आहेत, तिघांनाही पेट्या बसवायच्या आहेत. जेवण गार मिळतं, थोडा खोकला आहे, बाकी काही नाही. पण आई, खरं सांगते, तुमचं पत्र वाचून एकच घोर लागलाय. रोपं गेली तर मी कोणत्या तोंडाने घरात येऊ? सगळ्यांचं म्हणणं डावलून तुम्ही माझ्यावर विश्वास टाकलात.

जाळी बघा आणि एका ओळीने तरी कळवा. असाच पाठीवर हात असू द्या.

तुमची,
सून

ता. १३ मे

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुटलो गं बाई! पाणी आलं. सकाळी तुझं पत्र आलं, पाइप वर काढला, जाळीत कचरा अडकला होता तो काढला, आणि पेटीने पंप असा चालवला की जणू काही झालंच नव्हतं. दोन्ही काचघरांत तुषार उडाले. मी तिथेच उलट्या बादलीवर बसले आणि पदर ओला होईस्तोवर रडले. थोरल्याने माझ्या हातात झारी दिली, बहुधा रुमाल समजून. कोपऱ्यातली एक रांग तेवढी माना टाकून गेली, बाकी सगळी तरारली.

जाळीचं म्हणशील तर तो विषय संपला. त्यात आता खोलात जाण्यासारखं काही नाही.

तुझा खोकला कसा आहे ते नीट लिही. थोडा म्हणजे किती? आणि गार जेवण कशाला? तिथे कुणी माणसं राहतात की नाही?

तोंड घेऊन येण्याचं काय लिहिलंस वेडे? याच तोंडाने यायचं. लोभाला आमच्याकडे उणं नाही, तुझ्याकडचा वाढव.

तुझी,
आई

ता. १४ मे

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

आईने तुला ‘कचरा’ असं लिहिलं असणार. मी पैजेवर सांगतो.

वहिनी, पाइप वर आला तेव्हा टोकाला हिरवीगार, फुगलेली, बुळबुळीत अशी एक वस्तू लोंबत होती. मला वाटलं एखादं जनावरच मेलं. काठीने टोचून पाहिलं. वरचं शेवाळ निघालं आणि खाली गुलाबी धाग्यांचं फूल दिसलं. आईच्या उशीचा अभ्रा! सुतळीच्या तीन गाठी मारून जाळीवर बांधलेला. रोपांना गाळीव पाणी मिळावं म्हणून. त्यावर महिनाभर शेवाळ धरलं आणि पंपाची मुस्कटदाबी झाली. दादाने बघितलं, आईकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा खो खो हसला. आई म्हणाली की तो अभ्रा तिचा नव्हेच. तिची उशी कित्येक आठवडे उघडी आहे, हे सगळ्या घराला ठाऊक आहे.

हसण्यावारी नेलं खरं, पण एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. आदल्या दिवशी मी पान्याने पंपघराची कडी काढायला गेलो होतो. कुलूप राहिलं असतं नि दार उघडलं असतं. तर आई दारासमोर स्टूल टाकून, स्वेटर विणत बसलेली. या उन्हात स्वेटर! मी पाना पाठीमागे धरून परत आलो. पाणी आल्यावर मी पंपावर हात ठेवला. गार होता. बाबांचा पंप जळला तेव्हा मी लहान होतो, पण तो वास अजून नाकात आहे. त्यानंतर बाबा कधी मोकळे हसले नाहीत. परवा मी तेच करणार होतो वहिनी, आणि वर तुझ्या नावाने बिल फाडणार होतो. चुकलो. तुझ्या पेटीला इथून पुढे मी नवरी म्हणणार नाही, मालकीण म्हणेन.

हे मी लिहिलं असं आईला कळू देऊ नकोस, जेवण बंद होईल. राग सोड, लोभ धर.

तुझा,
तुफान

ता. २० मे

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून इतकं हलकं वाटलं की इथल्या फिटरला उगाचच दोनदा धन्यवाद दिले. तो घाबरून गेला.

या ट्रकने एक मोठी जाळीची टोपली पाठवते आहे. ती पाइपच्या तोंडावर बसवायची. एवढी रुंद आहे की पानं, शेवाळ काही आलं तरी पाणी वाट काढतं. दर आठवड्याला काढून ब्रशने घासायची. तिच्यावर वरून काही बांधायचं नाही. जाळीचं काम जाळीने करावं आणि अभ्र्याचं काम उशीवर करावं, असं आमच्या धंद्यात म्हणतात.

शिवाय एक विनंती. गुलाबी फुलांचं तुमचं भरतकाम मला फार आवडतं. अभ्र्यांच्या जोडीतला एखादा रिकामा असला तर माझ्यासाठी ठेवा.

इथे दोन पेट्या बसल्या, तिसरी राहिली. थोडी कणकण असते, खोकला उतरायचं नाव घेत नाही. गोळी घेते आणि खाणीत उतरते. आठवडाभराचं काम आहे, निभावेन. काळजी नसावी, माया असावी.

तुमची,
सून

ता. २६ मे

चि. सौ. सूनबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुमच्या धंद्यात म्हणतात म्हणे! तुफानाच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला त्याच्या जन्मापासून माहीत आहे. त्याचं जेवण बंद केलं होतं, पण दुपारी स्वतःच वाढलं. बरं बाई, माझाच अभ्रा, माझ्याच गाठी. पंपाचा गळा मी आवळला आणि अब्रू तुझी पणाला लागली. तुला लिहायची लाज वाटली. झालं समाधान? टोपली बसवली आहे. बेस आहे.

आता माझं ऐक. तुझी पेटी बसवल्यापासून मी पंपघरात रोज एक फेरी मारते. तिचा मला एक गुण फार आवडला. ओढायला पाणी नसलं की ती खेचत बसत नाही. थांबते, आणि का थांबले ते पडद्यावर लिहून सगळ्यांना दाखवते. हे, तुझे मामंजी, थांबले नाहीत. पंप जळला त्या दिवसापासून झिजत राहिले, आणि विचारलं की शेवटपर्यंत म्हणायचे, ठीक आहे. मी त्यावर विश्वास ठेवला. तुझी तीनही पत्रं— खरं तर दोनच, पण मी इतक्यांदा वाचली की तीन वाटतात— त्यांतही तेच आहे. आधी थोडा खोकला, मग थोडी कणकण, वर निभावेन. दुसऱ्यांच्या पंपांना पेट्या बसवत फिरतेस आणि स्वतः तेवढी थेट स्टार्टरवर.

तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. थोरला उठला, पिशवी भरली आणि औषधवाल्याकडे जाऊन आला. या पत्राच्याच ट्रकने तो येतो आहे. म्हणजे हे तुला तोच देईल. तिसरी पेटी चार दिवस थांबली तर खाण काही बुडत नाही. तिथे दोन पेट्या बसल्याच आहेत, आणि तुझा तो घाबरट फिटर आहे. वाद घालू नकोस. घातलास तर त्याच्याशी घाल, तेवढीच त्याची चार वाक्यं होतील.

अभ्रा तीनदा उकळला. शेवाळाचा डाग काही गेला नाही, पण फूल शाबूत आहे. तुझ्या उशीला घालून ठेवलाय.

वाट बघते. माया पत्रात मावेना, म्हणून बाकीची घरी.

तुझी,
आई